वाया गेलेला तुकडा

आमच्या घरात एक सिनेमा आहे. पुरता पंधरा मिनिटांचाही नाही, आणि मुका आहे. त्यात माणसं दोनच, माझ्या सासूबाई आणि माझे धाकटे दीर. दोघांनाही नाटकाबिटकाचा गंध नव्हता. सासूबाईंनी तर जन्मात एकदाच सिनेमा पाहिला होता, निपाणीच्या माळावर तंबू पडला होता तेव्हा, आणि अर्ध्यातून उठून आल्या होत्या. कारण काय, तर पडद्यावरची बाई चुलीवर दूध ठेवून अंगणात गाणं म्हणायला गेली. "दूध उतू चाललंय आनि हिला गानं सुचतंय. असलं काय बघायचं?" असं म्हणत त्या तरातरा घरी आल्या आणि आधी आमच्या चुलीवर दूध नाही ना ते बघितलं.

सासूबाईंना मी आत्ती म्हणायची. यजमानांचा बेळगावच्या कॅम्पात फोटोचा स्टुडिओ होता आणि आमचं बिऱ्हाड त्याच्याच मागच्या दोन खोल्यांत. आत्ती मात्र निपाणीचं घर सोडायच्या नाहीत. तंबाखूच्या वखारीला लागून घर. गल्लीत पाऊल टाकलं की शिंक आलीच पाहिजे. लग्नानंतर पहिलं वर्षभर मी तिथंच होते, आणि मला इतक्या शिंका यायच्या की सून घरात आहे की पाण्याला गेलीय, हे शेजारणी शिंकांवरून ओळखायच्या.

दुसरी लढाई सुरू झाली आणि स्टुडिओत उभं राहायला जागा राहिली नाही. खेड्यापाड्यांतली पोरं पलटणीत भरती व्हायची, नवा गणवेश घालून यायची, रंगवलेल्या राजवाड्याच्या पडद्यापुढं छाती काढून उभी राहायची. फोटो घरी पाठवायचा आणि बोटीवर चढायचं. आमचे धाकटे भावजीही असेच भरती झाले. मला दीर म्हणून ते मिळाले हे माझं नशीबच होतं. घरात चेष्टा करणारं ते एकटंच माणूस. यजमान हसले तरी पुढचा फोटो कसा काढावा या विचारात असल्यासारखे हसायचे.

त्याच सुमारास एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना आपला सिनेमाचा छोटा कॅमेरा यजमानांना देऊन गेला. बरोबर पडद्यावर चित्र पाडायचं यंत्र आणि फिल्मची चार रिळं. कॅमेऱ्याला घड्याळासारखी किल्ली द्यायची, मग तो करकर करत चालायचा. यजमानांनी तो पहिल्यांदा चालवला तो भावजी परदेशी निघाले त्या सकाळी, निपाणीच्या घरापुढं.

ती सकाळ नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. भावजी देवाच्या पाया पडले, आत्तींच्या पाया पडले. आत्तींनी त्यांच्या तळहातावर दही घातलं. ते चाटून, हात विजारीला पुसून ते निघाले. मी म्हटलं, "भावजी, पडद्यावर तुमची पुसलेली विजार दिसणार." ते मागं न बघता हसले. गल्लीच्या तोंडाशी चिंचेचं झाड होतं, तिथंपर्यंत पाठमोरे चालत गेले. कॅमेरा करकरत होता. आणि झाडापाशी पोचून ते गर्रकन वळले आणि पळत परत यायला लागले. का, तर तंबाखूची चंची विसरली! निपाणीचा माणूस एक वेळ डोकं विसरेल, चंची विसरला हे मी तेवढं एकदाच पाहिलं.

"अरे, फिल्म चाललीया फुकट!" यजमान ओरडले. पण गडबडीत कॅमेरा बंद करायचं त्यांना सुचलंच नाही. भावजी हसत हसत थेट कॅमेऱ्यावरच चालून आले, इतके जवळ की त्यांच्या खाकी सदऱ्यानं काच झाकून गेली. किल्ली तिथंच संपली.

आता आमच्याकडची रीत अशी की घरातून निघालेला माणूस काही कारणानं मागं फिरला, तर त्यानं तसंच पुन्हा जायचं नसतं. घरात यायचं, बसायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं. म्हणजे आधीचं निघणं पुसलं जातं. आत्ती तांब्या घेऊन धावल्या. तेवढ्यात रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. भावजींनी एका हातात चंची घेतली, दुसऱ्या हातानं तांब्या तोंडाला लावला आणि उभ्या उभ्याच पाणी प्याले. "बस की रं जरा," आत्ती म्हणत होत्या. "बस की, लेकरा." भावजी तांब्या माझ्या हातात देऊन पळाले.

रीळ धुऊन मुंबईहून परत आलं तेव्हा यजमानांनी पात्यानं तो मागं फिरल्याचा तुकडा कापून टाकला. चिंचेपाशी पोचलेली पाठमोरी आकृती, तिथंच संपवायचं म्हणाले, तेच शोभतं. कापलेला तुकडा बिस्किटांच्या डब्यात गेला, इतर वाया गेलेल्या फिल्मबरोबर.

भावजींची पत्रं आधी येत होती. मग ते मलायाकडं गेले आणि पत्रं थांबली. तिकडं पलटणीच्या पलटणी शत्रूच्या हाती लागल्याचं कानावर यायचं. यजमान कॅम्पातल्या ओळखीच्या कारकुनांकडं खेपा घालायचे आणि गप्प होऊन परत यायचे. आत्ती कुणाला काही विचारत नसत. त्यांची एकच तक्रार होती आणि ती त्या भाकरी थापता थापता, जोंधळे पाखडता पाखडता, स्वतःशीच बोलल्यासारखी करायच्या. "उभ्यानं पानी पिऊन गेलं माझं लेकरू."

माणूस काळजीत असला की काहीतरी हातात घट्ट धरतो. यजमानांनी सिनेमा धरला. भावजींच्या त्या रिळापासून एक गोष्ट करायची असं त्यांच्या मनानं घेतलं. लेक परदेशी जातो, आई वाट बघते, एवढीच. तंबूत बसून त्यांनी सिनेमाचे सगळे कायदे पाठ केले होते आणि जेवताना ते मला शिकवायचे. माणूस गेला की लगेच दुसरं दाखवायचं नाही, रिकामी वाट दाखवायची. दिवस सरले हे सांगायचं तर एकच झाड आधी बोडकं, मग पालवी फुटलेलं. कुणी मान वर करून बघितलं की पुढच्या चित्रात तो काय बघतोय ते आलंच पाहिजे. मग दोन्ही चित्रं वेगवेगळ्या गावांत का काढलेली असेनात, बघणाऱ्याला वाटतं समोरासमोर आहेत. "आणि जाताना पाठ दाखवली असली, तर येताना तोंड दाखवायचं," ते म्हणायचे. "त्याशिवाय माणूस घरी आला असं वाटतच नाही." मी म्हणायची, आमटी निवतीय.

मग आम्ही कॅमेरा घेऊन निपाणीला गेलो आणि आत्तींना नट केलं.

"आई, तू उंबऱ्यावर बस," यजमान म्हणाले. "कपाळावर असा हात घे आणि वाटेकडं बघ."

"उंबऱ्यावर?" आत्ती म्हणाल्या. "उंबऱ्यावर बसू नये येवढं तुला म्या शिकिवलं न्हाय व्हय?"

"बरं, दारात उभी राहा."

"आनि काय करू?"

"काही करायचं नाही. नुसती वाट बघायची."

आत्तींनी माझ्याकडं पाहिलं. आपल्या लेकाला ताप आहे का, असं त्यांना विचारायचं असावं. "नुसती वाट कोन बघतंय रं? येवढा येळ कुनाकडं हाय? वाट बघायची म्हंजी काम करता करता बघायची." आणि त्यांनी सूप ओढलं, जोंधळे घेतले आणि पाखडायला बसल्या. यजमान कुरकुरत कॅमेऱ्यामागं गेले. पण पडद्यावर मी ते पुढं कितीदातरी पाहिलंय. सूप वरखाली होतं, कोंडा उडतो आणि मध्येच, गल्लीत पाऊल वाजल्यासारखं, आत्तींची मान वर जाते. सूप हातातच थांबतं. मग पुन्हा पाखडणं. कपाळावर हात घेतलेल्या शंभर बायका त्या एका मानेपुढं फिक्या पडतील. हे मी आज सांगते. तेव्हा मला फक्त जोंधळ्यात खडे राहतील ही काळजी होती.

दुसरं आणि तिसरं रीळ असं संपलं. चिंच बोडकी असताना एकदा गेलो, पालवीला पुन्हा गेलो. राहिला शेवट. यजमानांनी देवघरातली समई मध्ये आणून ठेवली, वात पेटवली आणि आईला म्हणाले, "आता जवळ वाक आणि फुंकर मार. एवढं झालं की संपलं."

"फुंकर?"

"दिवा विझला म्हणजे आई गेली, असा अर्थ होतो. सिनेमात तसंच दाखवतात. लेक यायच्या आत आई जाते."

आत्ती समईपुढून उठल्या. "दिवा फुकून इझवायचा? माझ्या घरात? पोरगं परमुलकात असताना?"

"आई, खोटं असतंय गं ते."

"समई खोटी हाय? तेल खोटं हाय? म्या मरायला भीत न्हाय, पर त्यो यायच्या आधी म्या मरनार न्हाय. तुझ्या सिनेमात बी न्हाय. त्यो आलेला दाखव."

आणि मग यजमानांचा तोल गेला. इतक्या महिन्यांची त्यांची भीती एकदम तोंडातून बाहेर पडली. "आलेला दाखवायला माणूस कुठनं आणू मी?"

आत्तींनी समई उचलली, देवघरात नेऊन जागेवर ठेवली आणि तिच्यात तेल घातलं. आम्ही चौथं रीळ तसंच कोरं घेऊन बेळगावला परत आलो. वाटेत मोटारीत यजमान खिडकीकडं तोंड करून बसले होते. त्यांच्या खांद्यावर हात ठेवावा असं मला फार वाटलं. पण मोटारीत माणसं होती, आणि तेव्हा तसं करत नसत.

पंधरवड्यानं आत्ती एकट्याच मोटारीत बसून बेळगावला आल्या. काखेत गाठोडं, त्यात शेंगांची चटणी. "बघू, काय काय उतरलंय त्यात," म्हणाल्या. आम्ही भरदुपारी स्टुडिओचे काळे पडदे ओढले, पांढरं धोतर ताणून बांधलं आणि यजमानांनी यंत्र लावलं. पडद्यावर भावजी आले. आत्तींनी त्यांच्या तळहातावर दही घातलं. भावजी पाठमोरे चालत चिंचेपाशी पोचले आणि पुढं पांढरं झालं.

"फुडचं?" आत्ती म्हणाल्या.

"पुढं रिकामी वाट आणि मग तू."

"न्हाय रं. त्यो परत आलता की! चंचीसाठनं आलता. तुझं यंत्र करकरत हुतं तवा. कुटं गेलं त्ये?"

यजमान उठले, आतून बिस्किटांचा डबा आणला आणि फिल्मच्या कातरणांत दोन्ही हात घालून शोधायला लागले. तुकडा मला सापडला. उजेडाकडं धरला तर छोट्या छोट्या चौकटींतून भावजी पळत येत होते, प्रत्येक चौकटीत थोडे मोठे, सगळे दात दिसत. जाताना पाठ, येताना तोंड. यजमानांचा कायदा भावजींनी न सांगता पाळला होता. यजमान स्टुलावर बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मी माझ्या नवऱ्याला रडताना पाहिलं ते तेव्हाच.

कोरं रीळ घेऊन आम्ही आत्तींबरोबरच निपाणीला गेलो. आता यजमानांना काय काढायचं ते पक्कं माहीत होतं. आत्तींनी भावजी गेले त्या दिवशीचंच लुगडं नेसायचं. सूप बाजूला ठेवून उठायचं, आतून तांब्या आणायचा आणि थेट कॅमेऱ्याच्या काचेपुढं धरायचा. "बोलू नको हं, आई. बोललेलं ऐकू येत नाही." आत्तींनी मान हलवली. उठल्या, तांब्या आणला, पुढं धरला आणि काचेकडं बघून म्हणाल्या, "बस की रं जरा. बस की, लेकरा."

"आई, सांगितलं होतं ना!"

"तुला कोन म्हनतंय? तू तुझं काम कर."

फिल्म जोडायचं काम माझं होतं. माझा हात शेवया वळून वळून स्थिर झालेला. पात्यानं दोन्ही टोकं खरवडायची, सोल्युशनचं बोट फिरवायचं, एकावर एक दाबून धरायची. त्या सोल्युशनला पिकल्या केळ्यांचा वास यायचा. एका टोकाला भावजींचा सदरा काचेवर येऊन अंधार झालेला, दुसऱ्या टोकाला सूप खाली ठेवून उठणाऱ्या आत्ती. मध्ये वर्षाहून जास्त काळ होता आणि समुद्र होता. मी दोन बोटांत ते दाबून धरलं आणि सुकेपर्यंत श्वाससुद्धा जपून घेतला.

आत्तींनी तो सिनेमा पुरा पाहिला. मध्येच उठल्या नाहीत. भावजी पळत आले तेव्हा "आला बघ, आला," म्हणून माझा दंड धरला. भावजी आले, अंधार झाला, आत्ती उठल्या, तांब्या पुढं आला, संपलं. लेकाला आईनं घरात घेतलं. कुणालाही शंका आली नसती. आत्तींनाच आली. "पर बसला का न्हाय," त्या म्हणाल्या, "त्ये काय दिसंना."

पुढच्या थंडीत त्या गेल्या. छातीत कफ भरला आणि आठवड्यात आटोपलं. देवघरातली समई तेवत होती. त्या दिवसांत यजमान एकच घोकत बसायचे, की आपण गोष्ट लिहिली म्हणून असं झालं, लेक यायच्या आत आई गेली. मी एकदा रागावून म्हटलं, "कफानं माणूस जातं, सिनेमानं नाही. आणि दिवा विझवायची ती तुमची गोष्ट आत्तींनी होऊ दिली का?" मी बोलले खरी, पण आत जाऊन मीही खूप रडले. मला आई लहानपणीच गेलेली. माझ्या शिंकांना हसत हसत नाकाला सुंठ लावणारी ती एकच बाई होती.

लढाई संपली. आणि एका सकाळी स्टुडिओच्या दारात एक हाडांचा सापळा उभा राहिला आणि म्हणाला, "वैनी, फोटू काढायचाय. बारीक माणसाला सूट हाय काय?"

मी हसले आणि त्याच हसण्यात माझा हुंदका फुटला. भावजी शत्रूच्या कैदेत होते. तिथं काय झालं ते त्यांनी त्या दिवशीही सांगितलं नाही, पुढंही फारसं नाही. आत येऊन बूट काढता काढता म्हणाले, "आई निपाणीलाच हाय न्हवं? दुपारची मोटार गाठतो." तेव्हा मला सांगावं लागलं. भावजींच्या हातात एक बूट होता. तो त्यांनी सावकाश, आवाज न करता खाली ठेवला.

तीन-चार दिवस ते निपाणीच्या घरी जाऊन राहिले आणि परत आले. जेवत होते, बोलत होते, पण पाहुण्यासारखे. सांगितलं की उठायचे, सांगितलं की बसायचे. शेवटी मीच यजमानांना म्हटलं, सिनेमा दाखवा. ते तयार होईनात. खोटा आहे तो, म्हणाले, जे झालं नाही ते दाखवलंय, त्याच्या जिवाला लागेल. मी म्हटलं, "आत्तींनी तो कुणासाठी केला? तुमच्यासाठी?"

दुपारी पडदे ओढले, धोतर ताणून बांधलं. भावजी फोटोच्या खुर्चीवर बसले. धोतरावर एक दांडगा, गुबगुबीत गालांचा पोरगा दही चाटून हात विजारीला पुसत निघाला. त्याला बघून भावजी जरासे हसले. रिकामी वाट आली, बोडकी चिंच आली. मग सूप वरखाली व्हायला लागलं, आत्तींची मान वर गेली आणि खुर्चीवर भावजी ताठ झाले. पालवी आली. तो पोरगा पळत पळत आला, सदऱ्यानं अंधार झाला. अंधारातून आत्ती उठल्या, तांब्या घेऊन आल्या, तो पुढं धरला आणि भावजींकडं बघून त्यांचे ओठ हलले.

पांढरं झालं. यजमानांनी यंत्र बंद केलं.

"बस म्हनतीया," भावजी म्हणाले.

"व्हय," मी म्हटलं.

"त्या दिवशीबी म्हनत हुती." मग म्हणाले, "वैनी, पानी द्या."

मी आत जाऊन तांब्या भरून आणला. भावजी खुर्चीवरून उठले, जमिनीवर आले आणि त्या कोऱ्या धोतरापुढं नीट मांडी घालून बसले. तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि सावकाश, एकेक घोट करत, शेवटपर्यंत प्याले. यजमान पडदे उघडायला निघाले होते. मी त्यांना हातानंच थांबवलं.